मागच्याच्या दोन शिट्ट्या

१

त्या हिवाळ्यात थोरलीच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलं म्हणून नाही. टेबलभर नकाशा पसरलेला असायचा, कोपऱ्यांवर बरण्या ठेवलेल्या, आणि मधोमध स्वयंपाकघरातला वजनकाटा. लांबच्या पायवाटेला निघणारी माणसं वजनाच्या बाबतीत सोनारालाही हार जाणार नाहीत. थोरलीने दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या अर्ध्यावर कापल्या, कपड्यांच्या गळ्यावरच्या पट्ट्या उसवल्या, औषधांच्या पाकिटांच्या कडासुद्धा कातरल्या. ती इस्पितळात भूल देणारी डॉक्टर होती. कुणाच्या अंगात काय आणि किती जावं हे ठरवण्यात तिची हयात गेली होती, आणि एकदा टेबलावर आडवं झाल्यावर माणसाला विचारत बसायची त्या धंद्यात रीत नसते.

गेल्या वर्षी नवरा वारला तेव्हा ती रडली नाही. थोड्याच दिवसांत कामावर गेली, मग पहाटे पळायला लागली, मग ही पायवाट डोक्यात घेतली. डोंगररांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ महिनाभर चालायचं, वाटेवरच्या दगडी निवाऱ्यांत मुक्काम करायचा. एकटीने जाणं तिला सहज जमलं असतं. पण धाकटी बहीण लग्न मोडून आईकडे राहायला आली होती, आणि तिला ‘उभं करायचं’ असं थोरलीने परस्पर ठरवून टाकलं. धाकटी तशी उभीच होती. बालवाडीत शिकवायची, मुलांच्या नाड्या बांधायची, प्रत्येक गोष्ट सावकाश करायची. थोरली तिला लहानपणापासून गोगलगाय म्हणायची आणि चारचौघांतही म्हणायची.

"मनापासून येतेस ना?" थोरलीने काट्यावर मोज्यांचा जोड ठेवत विचारलं. "मागाहून रडगाणं नको."

धाकटी नकाशावरच्या निळ्या रेषेवरून बोट फिरवत होती. "हो गं ताई."

"तूच म्हणालीस हं, चल म्हणून."

धाकटी नुसती हसली. ती असं नेमकं कधी म्हणाली हे थोरलीला सांगता आलं नसतं. पण आपल्याला हवं ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडी बसवण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

आई खिडकीपाशी बसून दोघींच्या हातमोज्यांना दोऱ्या शिवत होती. "दोघी जशा जाताय तशा परत या, म्हणजे झालं," ती म्हणाली.

"मी आहे ना! धडधाकट आणून उभी करीन तुझ्या दारात तिला."

आईने धाकटीकडे पाहिलं आणि दोरा दातांनी तोडला.

वाटेवरचे नियमही थोरलीचेच. पुढे ती, मागे धाकटी. पुढच्याने एक शिट्टी द्यायची, मागच्याने दोन. दोन ऐकू आल्या की पुढच्याने पाय उचलायचा, वळून पाहायचं नाही. "वळून पाहिलं की मागचा लाडावतो आणि बसतो," असं ती म्हणायची. तिच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरी तिला का घाबरायच्या, हे यावरून समजून घ्यावं.

२

सराव इमारतीच्या जिन्यात चालायचा. पाठपिशव्यांत पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि तळघरापासून गच्चीपर्यंत वर खाली करायचं. शिट्ट्यांनी शेजारी वैतागले होते. एक आजोबा दार किलकिलं करून म्हणायचे, "बाई, गाडी सुटली का?" धाकटी तेवढ्यावरूनही हसायला थांबायची आणि थोरली वर निघून जायची.

एका रविवारी सकाळी थोरली चढत होती. ऊन जिन्यातल्या काचेच्या विटांतून येत होतं, कुणाच्या तरी घरात भांडी घासल्याचा आवाज होता. मधल्या मजल्यावर तिच्या लक्षात आलं की मागची पावलं आज जवळ आहेत. एरवी धाकटी दोन दोन मजले खाली असायची. आज पाऊल थोरलीच्या पावलावर पडत होतं, टाच उचलली की मागचा चवडा टेकलाच. धापही नव्हती. थोरलीला इतकं बरं वाटलं की विचारू नका. तिने चाल वाढवली, मागची चालही वाढली. पालथ्या घड्यावर अखेर पाणी ठरलं, असं मनात म्हणत ती गच्चीच्या दारापाशी पोचली, "शाब्बास गोगलगाय!" म्हणाली आणि वळली.

मागे जिना होता. कठड्यावर कुणीतरी वाळत घातलेलं पायपुसणं होतं.

तिने शिट्टी दिली. खूप खालून, तळघराकडून, दोन शिट्ट्या आल्या. मग बऱ्याच वेळाने धाकटी आली, लालबुंद, एक हात गुडघ्यावर.

"आत्ता वर कुणी आलं का?" थोरलीने विचारलं.

"कुणी नाही. मी मरता मरता राहिले, तेवढंच."

जिन्यात आवाज चढतो, आपल्याच पावलांचा उलटून येतो, यात नवल ते काय. असं म्हणून थोरलीने पाय जोरात आपटून पाहिला. जिना गप्प राहिला. तिने पुन्हा आपटला नाही, कारण पुरावा आपल्याविरुद्ध जायला लागला की तपासणी थांबवायची, हे शहाणपण तिच्याकडेही होतं.

३

वाट नकाशात असते तशी पायाखाली नसते. पहिले काही दिवस जंगल, मग गवताचे उतार, मग नुसता दगड. थोरली निवाऱ्यावर पोचायची, चूल पेटवायची, सूप करायची, तिचं सूप पिऊन व्हायचं, आणि मग धाकटी यायची. कधी खिशात खडे, कधी पिसं. उशीर झाला म्हणून थोरली बोलायची नाही. फक्त घड्याळाकडे पाहायची, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागेल इतक्या बेताने पाहायची.

"ताई, वाटेत एक कोल्हा दिसला गं. अगदी इतका जवळ."

"बरं. सूप गार झालंय."

एका निवाऱ्यात त्यांना एक दाढीवाला आणि त्याची बायको भेटली. दोघं दरवर्षी ही वाट चालणारी, पायांचे अंगठे उघडे टाकून चुलीपाशी बसलेली. दाढीवाल्याने थोरलीला आधी चहा दिला आणि मग अक्कल.

"तुम्ही चुकताय," तो म्हणाला. "हळू चालणारा पुढे हवा. बाकीच्यांनी त्याच्या चालीने यायचं. वाटेची जुनी रीत आहे ही."

"म्हणजे आम्ही दोघीही उशिरा पोचणार."

"पण दोघीही पोचणार की!" त्याची बायको म्हणाली आणि हसली.

धाकटी नुकतीच आत येऊन बुटांच्या नाड्या सोडत होती. दाढीवाला तिच्याकडे पाहून म्हणाला, "आज मात्र छान जोडीने येत होतात. मी खिडकीतून बघत होतो. तुम्ही तर यांच्या अगदी पाठीला लागून होतात. मग वळणावरून परत मागे कशाला गेलात हो?"

धाकटीने मान वर केली. "मी? मी आत्ताच येतेय. मघाशी ओढ्यापाशी होते, पाणी भरत."

"यांचा चष्मा बदलायला झालाय," बायको म्हणाली. सगळे हसले. थोरली जरा जास्तच वेळ हसली.

त्या वेळी तिला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. पण तिला वाटली ती निराळीच गोष्ट. चुलीपाशी धाकटी आपला सुजलेला गुडघा चोळत बसली होती, ओल्या मोज्यांना वास येत होता, आणि थोरलीच्या मनात येऊन गेलं की खिडकीतून दिसली ती बहीण असती तर काय मजा आली असती. तिने तो विचार झटकला. पण झटकला म्हणजे तो पडला कुठेतरी, गेला नाही.

४

वाटेचा सगळ्यांत उंच टप्पा एका उघड्या कड्यावरून होता. पलीकडे एकच निवारा, तिथं राखायला कुणी नाही.

निघायच्या सकाळी धाकटीचा गुडघा वाकेना. "आज थांबायचं का गं?"

"उद्या हवा बिघडणार आहे. आजच पार व्हायला हवं."

"मग मी पुढे चालू आज? ते म्हणाले होते तसं?"

"तू पुढे चाललीस तर आपल्याला कड्यावरच म्हातारपण येईल." थोरलीने तिच्या गुडघ्याला पट्टी बांधली. बांधली मात्र उत्तम, त्यात खोट नव्हती. "चल गोगलगाय, ऊठ."

धाकटी उठली. पिशवी पाठीवर घेताना तिच्या तोंडातून बारीकसा आवाज निघाला, तो तिने खोकल्यासारखा केला. "ताई, आज शिट्टी जरा लवकर लवकर दे हं. धुकं आलं की मला दिशा कळत नाही."

"देते गं."

धुकं दुपार व्हायच्या आत आलं. आधी दरी गेली, मग कडा गेला, मग आपलेच बूट तेवढे राहिले. वाटेवर दगडांच्या खुणा रचलेल्या होत्या. एक दिसेनाशी झाली की दुसरीची वाट पाहत चालायचं. थोरली शिट्टी देत होती. मागून दोन येत होत्या, दर खेपेला आणखी लांबून, आणखी उशिराने. मग बारीक गारा सुरू झाल्या. थोरलीचा जीव रागाने नुसता उकळत होता. असं कसं चालतं माणूस! पुढे पाय टाकणं, एवढंच तर करायचं असतं.

तिने रागानेच एक शिट्टी दिली. मागून दोन आल्या. हळू, अगदी जवळून, कुणी कानापाशी फुंकर मारावी तशा.

आणि पावलं आली. काठ्यांची टोकं तिच्या काठ्यांबरोबर दगडांवर टेकत होती. टाच उचलली की मागचा चवडा.

"आलीस?" थोरली न वळता म्हणाली.

"आले ताई."

"मला माहीतच होतं, मनावर घेतलंस तर जमेल."

"तू सांगितलंस म्हणून जमलं."

तिला इतका आनंद झाला की चालता चालता ती बोलायला लागली. इस्पितळाबद्दल, नवऱ्याच्या शेवटच्या महिन्यांबद्दल, जे कुणाला सांगितलं नव्हतं ते. मागून "हो ताई" आणि "खरंय ताई" येत राहिलं, नेमकं जिथं यायला हवं तिथं. मध्ये एकदा फार खालून, धुक्याच्या तळातून, दोन शिट्ट्या ऐकू आल्या, पातळ आणि लांब. डोंगरात आवाज वेडेवाकडे फिरतात, ती म्हणाली. "फिरतात," मागून उत्तर आलं.

त्यानंतर तिने शिट्टी दिली नाही. पाठीलाच लागून चालणाऱ्याला शिट्टी कशाला द्यायची?

५

निवारा म्हणजे एक दगडी खोली होती. एका भिंतीला फळ्यांची झोपायची जागा, मध्ये लोखंडी चूल, बसायला बाक. खिडकीला थंडीसाठी बाहेरून फळी ठोकलेली. दार बाहेर उघडणारं, जाड, आणि आतून त्याला अडसर. वारा इतका होता की आत आल्या आल्या थोरलीने अडसर घातला आणि चूल पेटवली.

धाकटी बाकावर बसली होती. टोपी कपाळावर ओढलेली, हातमोजे हातात, पिशवी पाठीवर तशीच.

"पिशवी उतरव की."

"राहू दे. हलकी आहे."

"गुडघा?"

"दुखत नाही."

"भूक लागली असेल."

"तू म्हणशील तेव्हा."

थोरली सूप ढवळत राहिली. तिच्या नोकरीची एक खोड तिला लागली होती. समोर माणूस असलं की तिची नजर आपसूक छातीवर जायची, श्वास बघायची. धाकटीची छाती वर खाली होत होती, शांत, एका लयीत. इतक्या चढणीनंतर इतकी शांत? मग तिच्या लक्षात आलं की ती लय ओळखीची आहे. तिने सहज श्वास रोखला. समोरची छाती थांबली. तिने सोडला, समोरची हलली. थकलेली माणसं एका खोलीत असली की असं होतं, तिने स्वतःला समजावलं. एकाला जांभई आली की दुसऱ्याला येते, तसंच हे. समजावण्यात ती हुशार होती. रोज घाबरलेल्या माणसांना ती तेच करायची.

खोली फार गप्प होती. काहीतरी बोलायला हवं, गंमत करायला हवी, म्हणून तिने गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली. "झाला दिवस!" म्हणत एक शिट्टी दिली आणि बाकाकडे पाहिलं.

बाकावरची हलली नाही. दोन शिट्ट्या दाराबाहेरून आल्या.

सूप उतू गेलं. चुलीवर त्याचा चर्र आवाज झाला आणि विझला.

मग दारावर थाप पडली. थाप म्हणजे काय, कुणीतरी अंग टेकल्यासारखा आवाज. "ताई." शब्द जड होता, जिभेवरून घसरत होता. "ताई, दार उघड. शिट्टी का नाही दिलीस गं? मी किती वेळ... मी वाजवत होते..."

थोरली दारापाशी कधी पोचली हे तिला कळलं नाही. तिचा हात अडसरावर होता.

"ती मी नाही," बाकावरून आवाज आला. "मी इथे आहे ना."

इथेच तर होती. निळा कोट, लाल टोपी, दोरी लावलेले हातमोजे. हातच्या काकणाला आरसा कशाला? आणि बाहेर जे होतं ते धाकटीसारखं बोलत होतं खरं, पण वाईट नक्कल करावी तसं, अक्षरं गिळत, मध्येच थांबत. गारठलेल्या माणसाची जीभ अशीच जड होते, मेंदूला थंडी पोचली की अक्षरं अशीच विरघळतात, हे थोरली दर वर्षी नव्या पोरींना फळ्यापाशी उभी राहून शिकवायची. त्या क्षणी तिला ते आठवलं नाही. किंवा आठवलं असेल.

"मला एकच सांग," ती दाराला तोंड लावून ओरडली. "तू या वाटेवर का आलीस?"

बाहेर वारा होता. मग आवाज आला, हळू, पण आता अक्षर न् अक्षर लागत होतं, कुणी शेवटचं बळ एकवटावं तसं.

"मला यायचंच नव्हतं ताई. आई म्हणाली... ती एकटी गेली तर परत यायची नाही. तिला सोडू नकोस म्हणाली. म्हणून आले. उघड ना गं."

थोरलीच्या कानशिलांवर चटका बसला. तिला सांभाळायला? हिने? ही, जिला स्वतःचा गुडघा सांभाळता येत नाही, ही तिच्यावर लक्ष ठेवायला महिनाभर मागे मागे फरपटत होती? घरात सगळ्यांनी मिळून तिची कीव केली होती, आणि ती बिचारी वजनकाट्यावर मोजे मोजत बसली होती!

"मीच म्हटलं होतं चल," बाकावरची म्हणाली. "मनापासून आले. तू नसतीस तर माझं काय झालं असतं?"

खरं सांगायचं तर त्या वेळी थोरलीला भीती कमी आणि राग जास्त आला होता. तिने अडसरावरून हात काढून घेतला.

बाहेरून पुन्हा दोन शिट्ट्या आल्या. मग दोन. थोरली बाकावर जाऊन त्या निळ्या कोटाशेजारी बसली, कोटाला खेटून, आणि दोघींचा श्वास एकदम आत गेला आणि एकदम बाहेर आला. मग एक शिट्टी आली, आणि दुसरी अर्धीच राहिली. खिडकीच्या फळीच्या फटीतून अजून उजेड येत होता. अंधार पडायच्या पुष्कळ आधी बाहेर सगळं निवलं होतं.

६

सकाळ स्वच्छ उजाडली. फटीतून ऊन आत आलं तेव्हा थोरली जागी झाली आणि सगळ्यांत आधी तिला भूक लागली. ही गोष्ट पुढे तिला कुठल्याही इतर गोष्टीपेक्षा जास्त छळणार होती.

तिने अडसर काढून दार ढकललं. दार थोडं सरकलं आणि अडलं. बर्फ साचला असेल, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. खांदा लावला, पाय भिंतीला रोवला आणि रेटलं. दारापलीकडचं ओझं सावकाश सरकायला लागलं. बर्फ असं सरकत नाही, तो चुरतो. हे एकसंध सरकत होतं, मऊ, आणि त्याबरोबर दगडावर काहीतरी धातूचं खरखरत होतं.

फट पुरेशी झाली तेव्हा तिला बाही दिसली, निळी. एक हातमोजा निघून दोरीला लोंबत होता. आईची दोरी पक्की होती. त्या उघड्या हाताची बोटं दाराच्या तळाशी, फटीत, जिथून चुलीची ऊब बाहेर येत असेल तिथं ठेवलेली होती. शिट्टी अजून दातांत होती.

थोरलीने वाकून मानेवर दोन बोटं टेकवली. त्या बोटांना चुकायची सवय नव्हती. तरी तिने ती फार वेळ तिथंच ठेवली. तिच्या घशातून एक आवाज निघाला, वर्षभर अडकून राहिलेला, आणि तो मोठा व्हायच्या आतच पाठीमागे काठ्यांची टोकं फरशीवर टेकली.

"निघू या ना ताई? उशीर नको व्हायला."

थोरली वळली. आपला नियम मोडून ती वाटेवर पहिल्यांदाच वळली. दारातून आलेलं ऊन थेट बाकावर पडत होतं. चेहरा धाकटीचाच होता, म्हणजे थोरलीला जेवढा ठाऊक होता तेवढा होता. नाक होतं, हसण्यातली ती नरमाई होती. पण ज्या ठिकाणी तिने आपल्या बहिणीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं, गालाच्या कडेला, कानापाशी, डोळ्यांच्या आत, तिथं काहीच ठरलेलं नव्हतं. ती पाहत होती तसतसं ते भरून यायची वाट बघत होतं.

तिने नजर खाली केली. त्यानंतर तिने तिकडे पाहिलं नाही.

मदत आणायची तर पुढच्या खिंडीपर्यंत जायला हवं, फोन तिथंच लागतो, असं तिने ठरवलं. ते बरोबरच होतं. तिने आपली चादर काढून धाकटीवर घातली, कडा दगडांनी दाबल्या आणि वाटेला लागली. मागची पावलं दारापाशी क्षणभरही अडखळली नाहीत. त्यांना मध्ये काही आडवं आलंच नसावं.

७

खिंडीत वारा पडलेला होता आणि ऊन होतं. खांद्याच्या पट्ट्याला लावलेला फोन थरथरला. आई.

"अगं, किती दिवस फोन नाही! जीव टांगणीला लागला माझा. बऱ्या आहात ना दोघी?"

थोरलीने तोंड उघडलं. इस्पितळाच्या बाहेरच्या बाकांवर बसलेल्या कितीतरी माणसांना तिने हे वाक्य सांगितलं होतं. कसं सुरू करायचं, कुठे थांबायचं, हात कुठे ठेवायचा, सगळं तिला पाठ होतं. आता त्यातला पहिला शब्दही येईना.

"ऐकू येतंय का? हॅलो? छोटी कुठे आहे?"

मागून एक हात तिच्या खांद्यावरून पुढे आला. हातमोजा काढलेला होता. तळहात ऊन लागून गुलाबी दिसत होता आणि त्यावर एकही रेष नव्हती. त्या हाताने फोन तिच्या बोटांतून अलगद काढून घेतला.

"आई, मी मजेत आहे," तिच्या कानामागे ते बोलायला लागलं, धाकटीच्या आवाजात, धाकटी कधी बोलली नाही इतक्या झरझर. "गुडघा मुळीच दुखत नाही. ताई किती सांभाळते मला! तिच्यामुळे तर जमलं सगळं. मीच म्हटलं होतं तिला, चल म्हणून. आता आम्ही जोडीनेच चालतो, मी मुळीच मागे राहत नाही. तू काळजी करू नकोस हं."

थोरलीने डोळे मिटून घेतले. आईला पटावं, एवढंच तिला त्या घटकेला हवं होतं. आईला पटलं तर ते खरं धरून ती घरी जाऊ शकली असती, दारात दोघी उभ्या राहिल्या असत्या, आणि खाली निवाऱ्यापाशी जे चादरीखाली होतं ते कुणाचंच नसतं. इतकं वाईट तिने आयुष्यात काही मागितलं नव्हतं. ती ते मागत होती.

फोन परत तिच्या कानाला लागला. पलीकडे आई जराशी हसली, थकलेलं, सुटका झाल्यासारखं.

"बरं बाई, झालं का तुझं स्वतःचं कौतुक सांगून?" आई म्हणाली. "आणि त्या पोरीच्या आवाजाची नक्कल काय करतेस, या वयात! दे आता, छोटीला दे फोन."